पाण्याचा ग्लास ते टीव्हीवरची भिंत: जेफ हानच्या टचस्क्रीनचं पूर्ण प्रकरण

काचेच्या ग्लासात पाणी भरा, हातात धरा आणि वरून वाकून पाण्यातून ग्लासच्या आतल्या बाजूकडे तिरकं बघा. काच आरशासारखी चंदेरी दिसते, पलीकडचं काहीच दिसत नाही, पण जिथे बोटं बाहेरून टेकलीयेत तिथे ठसे दिसतात, नीट टेकली असतील तर बोटावरच्या रेषासुद्धा दिसतात. हे आपण सगळ्यांनी हजार वेळा बघितलंय. जेफ हाननेही बघितलं आणि त्यातून त्याने जे उभं केलं त्याबद्दल मला खूप दिवस नीट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहायचं होतं, कारण मल्टिटचचा, म्हणजे एकाच वेळी अनेक बोटं ओळखणाऱ्या स्क्रीनचा, विषय निघाला की गप्पा थेट आयफोनवर जातात आणि हा माणूस मध्येच राहून जातो.

हान १९७५ चा, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढलेला, आईवडील कोरियातून आलेले, त्यांचं खाण्यापिण्याच्या वस्तूंचं दुकान होतं. कॉर्नेलला शिकायला गेला पण डिग्री पूर्ण न करता एका स्टार्टअपमध्ये गेला, सीयू-सीमी नावाचं व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर कॉर्नेलमध्येच तयार झालं होतं त्याचा धंदा करणारी ती कंपनी. पुढे तो न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या कुरांट इन्स्टिट्यूटमध्ये रिसर्च करायला लागला. म्हणजे प्रोफेसर नाही, पीएचडी नाही, पण हाताने वस्तू बनवणारा आणि ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे जे घडलं त्यात ‘हाताने बनवणं’ हा भाग फार मोठा आहे.

आता एक गैरसमज आधीच बाजूला करू. एकापेक्षा जास्त बोटं ओळखणारा पृष्ठभाग हानने शोधला नाही आणि त्याने तसा दावाही केला नाही. टोरंटो युनिव्हर्सिटीत निमिष मेहता नावाच्या विद्यार्थ्याने १९८२ मध्ये मास्टर्सच्या थिसिससाठी असं यंत्र केलं होतं, धुरकट काच आणि तिच्या मागे कॅमेरा. त्याच युनिव्हर्सिटीत बिल बक्स्टनच्या ग्रुपने १९८५ मध्ये अनेक स्पर्श ओळखणाऱ्या टॅब्लेटवर पेपर लिहिला. २००१ मध्ये मित्सुबिशीच्या अमेरिकेतल्या लॅबमधून डायमंडटच टेबल आलं, २००२ मध्ये सोनीच्या लॅबमधून जुन रेकिमोटोचं स्मार्टस्किन. मग वीस-बावीस वर्षं हे सगळं होतं तर ते लॅबच्या बाहेर का येत नव्हतं?

इथेच या प्रकरणाचा गाभा आहे. टेबलात तारांची जाळी घालून बोटाची कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा भार साठवायची क्षमता, मोजायची म्हटलं तर पृष्ठभाग जितका मोठा तितक्या तारा आणि सर्किट वाढतात, शिवाय जाळी अपारदर्शक असेल तर चित्र वरून प्रोजेक्टरने टाकावं लागतं आणि मग आपल्याच हाताची सावली आपल्याच कामावर पडते. कॅमेऱ्याने बघायचं म्हटलं तर ते स्वस्त पडतं आणि मोठ्या आकारातही जमतं, पण कॅमेऱ्याला एक गोष्ट कळत नाही, बोट काचेला टेकलंय की काचेपासून दोन मिलिमीटर वर थांबलंय. आणि स्पर्श म्हणजे सगळा तोच तर प्रश्न आहे ना! टेकल्याचा क्षण आणि उचलल्याचा क्षण हे दोन नक्की कळले नाहीत तर वापरणाऱ्याला सतत वाटत राहतं की हे यंत्र माझं ऐकत नाहीये.

हानने काय केलं तर ग्लासातलीच गोष्ट सपाट केली. पाव इंच जाडीची अ‍ॅक्रिलिक शीट घेतली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि त्या कडांमधून आत इन्फ्रारेड एलईडीचा प्रकाश सोडला. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक साधारण १.४९ आहे, त्यामुळे साधारण ४२ अंशांपेक्षा जास्त तिरका येणारा प्रकाश बाहेर हवेत पडूच शकत नाही, आतल्या आत टप्पे खात राहतो. दहावीत आपण पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणून पाठ करतो तेच हे. पण बोट टेकलं की त्या जागी हवा उरत नाही, त्वचा येते, प्रकाश तिथून निसटतो, त्वचेवर आपटून विखुरतो आणि खालच्या बाजूने बाहेर येतो. खाली फक्त इन्फ्रारेड बघणारा कॅमेरा ठेवला की त्याला काळ्या चित्रात पांढरे ठिपके दिसतात, एक बोट एक ठिपका, दहा बोटं दहा ठिपके. बोट दोन मिलिमीटर वर आहे तोवर काहीही नाही, टेकलं की लख्ख. कॅमेऱ्याला जे कळत नव्हतं ते प्रकाशानेच सांगून टाकलं. आणि शीट पारदर्शक असल्यामुळे मागून प्रोजेक्टरने चित्र टाकता येतं, सावली पडत नाही.

सॉफ्टवेअरचं कामही त्यामुळे सोपं झालं. रिकाम्या पृष्ठभागाचा फोटो वजा करायचा, ठराविक उजेडाच्या वरचं तेवढं ठेवायचं, सलग ठिपके वेगळे करायचे, प्रत्येकाचा मध्य काढायचा आणि पुढच्या फ्रेममध्ये कुठला ठिपका कुठे सरकला ते जोडायचं. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे साधा व्हिडिओच. हे सगळं त्याने २००५ च्या ऑक्टोबरमध्ये सिएटलला यूआयएसटी या युजर इंटरफेसवरच्या कॉन्फरन्समध्ये मांडलं, पेपर अवघा चार पानांचा आणि शीर्षकाचा पहिलाच शब्द ‘लो-कॉस्ट’. हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

त्या चार पानांबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण ते वाचून कोणीही तसं यंत्र बनवू शकत होतं आणि जगभर पोरांनी बनवलंही. आम्हीपण बनवलं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला चौघांनी मिळून, एलईडी लॅमिंग्टन रोडवरून, अ‍ॅक्रिलिक दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडून, कडा रात्री जागून वॉटर पेपरने घासल्या, आधी जाड मग बारीक मग अजून बारीक. वेबकॅम उघडून त्यातली इन्फ्रारेड अडवणारी छोटी काच काढून टाकली आणि तिच्या जागी फोटो स्टुडिओतून आणलेल्या धुतलेल्या निगेटिव्हचा पूर्ण काळा तुकडा लावला, त्यातून दिसणारा प्रकाश जात नाही पण इन्फ्रारेड जातो. शीटच्या खाली ट्रेसिंग पेपर, त्यावर डिपार्टमेंटच्या प्रोजेक्टरचं चित्र. पहिल्यांदा लॅपटॉपवर पाच पांढरे ठिपके दिसले तेव्हा आम्ही कुणीच काही बोललो नाही, नुसते बोटं हलवत बसलो होतो.

मग अडचणी कळायला लागल्या, आणि खरं सांगायचं तर हे तंत्र मला अडचणींमधूनच समजलं. दुपारी खिडकीतून ऊन आलं की पूर्ण चित्र पांढरं, कारण उन्हात इन्फ्रारेड भरपूर. पिवळा बल्ब लावला तरी तेच, ट्यूबलाइट मात्र चालायची. प्रोजेक्टर आणि कॅमेऱ्याला खाली अंतर लागतं म्हणून टेबल पार कमरेएवढ्या खोक्याचं झालं. आणि एक अशी अडचण आली की जिचा आम्ही विचारच केला नव्हता. लॅब उघडायला येणारे शिपाई काका एका संध्याकाळी थांबले, आम्ही म्हटलं काका बघा ना, हात लावून बघा, फोटो सरकतात. त्यांनी बोट ठेवलं, काही झालं नाही. परत ठेवलं, काही नाही. आम्ही म्हटलं, काका जरा दाबून ठेवा. दाबलं तेव्हा जरासा पुसट ठिपका आला आणि गेला. काका म्हणाले, “राहू दे बाळा, माझं बोट घेत नाही हे. रेशनवरपण असंच होतं.” आणि निघून गेले.

त्या रात्री आम्हाला अर्थ लागला. काकांच्या बोटांची कातडी कोरडी, जाड, रेषा झिजलेल्या. अशी त्वचा अ‍ॅक्रिलिकला नीट चिकटत नाही, मध्ये हवेचे बारीक थर राहतात आणि हवा राहिली की प्रकाश निसटत नाही. ठसे घेणारे बरेच ऑप्टिकल स्कॅनर याच तत्त्वावर चालतात, तीच काच, तोच आतल्या आत परतणारा प्रकाश. हानच्या पेपरातही त्याने हे मान्य केलंय की हे तत्त्व ठसे घेण्यासाठी आधीपासून वापरात आहे. म्हणजे रेशनच्या दुकानात अंगठा चार चार वेळा लावूनही मशीन ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतं त्यामागे झिजलेल्या रेषांबरोबर हा कोरडेपणाही असतो, आणि विटा उचलणाऱ्या, भांडी घासणाऱ्या माणसांनाच तो सगळ्यात जास्त सोसावा लागतो. आमच्या चौघांची बोटं कीबोर्डवर मऊ राहिलेली, आम्हाला टेबल परफेक्ट वाटत होतं. इंटरफेसवर काम करणाऱ्या माणसाने हे प्रकरण वाचताना निदान इथे तरी थांबावं असं मला वाटतं. सेन्सर कोणाच्या बोटावर तपासला हा प्रश्न तांत्रिक प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

काकांकडे परत येतो, आधी हानकडे जाऊ.

फेब्रुवारी २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला टेड कॉन्फरन्समध्ये हानने साधारण तीन फूट रुंदीचा स्क्रीन, आर्किटेक्टच्या ड्राफ्टिंग टेबलासारखा तिरका ठेवलेला, लोकांसमोर वापरून दाखवला. लाव्हा लॅम्पसारखे रंगीत गोळे दोन्ही हातांनी कालवले, फोटो पसरले, दोन बोटांनी ताणून मोठे केले, फिरवले, पृथ्वीचा नकाशा झूम केला, एका रेखाटलेल्या बाहुलीला दोन्ही हातांनी नाचवलं. स्क्रीनवरचा कीबोर्डही ताणून हवा तेवढा करून दाखवला. वर हेही बोलला की गरीब देशांतल्या मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनतायत तर त्यांनाही आपण तोच जुना माऊस आणि खिडक्या देणार का, हे त्याला पटत नाही. त्याच वर्षी टेडने भाषणं इंटरनेटवर फुकट टाकायला सुरुवात केली होती आणि हानचं भाषण सुरुवातीच्या गाजलेल्यांपैकी झालं.

डेमो नीट बघा. त्यात सेन्सरबद्दल तो फार थोडं बोलतो, बहुतेक वेळ हात चालतात. माझं मत असं की त्याचं दुसरं संशोधन हेच होतं. एकदा दहा ठिपके मिळाले की करायचं काय, याला लॅबमध्ये बरीच उत्तरं होती, पण ती तुकड्यातुकड्यात होती. हानने ती एकाच टेबलावर, एवढ्या वेगात आणि विनाअडथळा दाखवली की बघणाऱ्याला ‘मलापण करायचंय’ असं वाटावं. दोन बोटांनी फोटो ताणणं त्याचं नव्हतं, मायरन क्रूगर या अमेरिकन कलाकार-संशोधकाने तसल्या हालचाली ऐंशीच्या दशकातच दाखवल्या होत्या. पण हात हलला आणि चित्र मागे राहिलं असं कुठेच दिसत नाही, आणि सगळी जादू त्यातच असते. मागे राहणारं चित्र हाताला लगेच कळतं.

२००६ मध्येच त्याने युनिव्हर्सिटीतून बाहेर पडून परसेप्टिव्ह पिक्सेल ही कंपनी काढली. जानेवारी २००७ मध्ये आयफोन जाहीर झाला, साडेतीन इंचाचा, कपॅसिटिव्ह, आणि मल्टिटच हा शब्द घराघरात गेला. तो रस्ता वेगळा होता, डेलावेअर युनिव्हर्सिटीतून निघालेल्या फिंगरवर्क्स कंपनीला अ‍ॅपलने २००५ मध्ये घेतलं होतं. मे २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपलं सरफेस नावाचं टेबल जाहीर केलं, ३० इंची, आत इन्फ्रारेड कॅमेरे. म्हणजे फोन अ‍ॅपलचा झाला, टेबलावर मायक्रोसॉफ्ट बसलं, हानकडे उरली भिंत.

आणि इथे तो ‘लो-कॉस्ट’ शब्द परत येतो. २००७ च्या नाताळला अमेरिकेतल्या नीमन मार्कस या महागड्या दुकानाच्या कॅटलॉगमध्ये परसेप्टिव्ह पिक्सेलची भिंत विकायला होती, किंमत १ लाख डॉलर. दोन वर्षांपूर्वी स्वस्त म्हणून मांडलेलं तंत्र! मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. पेपरात स्वस्त होता तो सेन्सर, म्हणजे शीट, एलईडी, कॅमेरा, आणि तेवढं खरंच स्वस्त होतं, आमच्यासारख्या पोरांच्या खिशाला झेपलं यापेक्षा मोठा पुरावा नाही. पण भिंतीएवढा चांगला उजळ डिस्प्ले, दिवसभर न बिघडता चालणारं यंत्र, कॅलिब्रेशन, सॉफ्टवेअर, बसवायला येणारी माणसं, हे सगळं स्वस्त नव्हतं आणि अशी भिंत विकत घेणारे जगात मोजकेच होते. स्वस्तपणा गेला कुठे तर हॉस्टेलच्या खोल्यांत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये गेला.

भिंत घेणाऱ्या मोजक्यांत एक निघालं सीएनएन. तिथले डेव्हिड बोरमन यांनी ती लष्करी आणि गुप्तचर कामाशी संबंधित एका ट्रेड शोमध्ये बघितली आणि जानेवारी २००८ मध्ये आयोवा राज्यातल्या, अध्यक्षपदाचे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानापासून जॉन किंग हा वार्ताहर तिच्यासमोर उभा राहून बोटाने राज्यं उघडायला लागला. राज्याला बोट लावलं की त्यातल्या काउंट्या, काउंटीला लावलं की मतं, दोन बोटांनी मागे, शेजारचं राज्य, मागच्या निवडणुकीशी तुलना. तिला मॅजिक वॉल म्हणायला लागले. आज आपल्याकडे निकालाच्या दिवशी मराठी चॅनलवर अँकर जिल्ह्याजिल्ह्यावर बोट ठेवत फिरतो ती रीत तिथून आलीये.

भिंतीवरचा टच इतर ठिकाणी फसला आणि इथे का जमला यावर मी बराच विचार केलाय. उभ्या स्क्रीनवर हात वर धरून काम केलं की दहा मिनिटांत खांदा भरून येतो, हे जुनं दुखणं आहे, कदाचित म्हणूनच हानने स्वतः टेबल तिरकं ठेवलं होतं. पण वार्ताहर एका वेळी दोन-चार मिनिटंच हात चालवतो, मग कॅमेऱ्याकडे वळून बोलतो, हात खाली येतो. दुसरं म्हणजे तो एकटाच वापरतो, पण बघतात लाखो लोक, आणि माऊसने केलेलं काम बघणाऱ्याला कळत नाही, बाण कुठेतरी पळतो आणि काहीतरी उघडतं, तर हाताने केलेलं कळतं, कारण हात कुठे चाललाय ते आधीच दिसतं. शाळेत मास्तर नकाशावर पट्टी ठेवून नद्या दाखवायचे तसंच. तिसरं, मजकूर टाइप करायचा नव्हता. डेमोत ताणून दाखवलेल्या कीबोर्डवर रोज पानभर लिहायची वेळ आली असती तर ही भिंत कोणीच घेतली नसती. म्हणजे हानने सगळ्यांसाठी म्हणून जे दाखवलं ते एका खास परिस्थितीत घट्ट बसलं. हा विजय की माघार यावर वाद होऊ शकतो. मी त्याला विजय म्हणतो, पण टेडमध्ये त्याने ज्या मुलांचं नाव घेतलं होतं त्यांच्यापर्यंत त्याची भिंत पोचली नाही. त्यांच्यापर्यंत स्वस्त फोन पोचला, वेगळ्या तंत्राने.

मान मात्र भरपूर मिळाला, २००८ मध्ये टाइमच्या शंभर प्रभावी लोकांत नाव, २००९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल डिझाइन अवॉर्ड्समध्ये इंटरॅक्शन डिझाइनचा विभाग पहिल्यांदाच सुरू झाला आणि पुरस्कार परसेप्टिव्ह पिक्सेलला.

पण तंत्र बदलावं लागलं. कॅमेरा आणि प्रोजेक्टरला मागे जी जागा लागते ती ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये कोण देणार, आणि तोवर एलसीडी मोठे आणि पातळ झाले होते. कंपनीचे नंतरचे डिस्प्ले, अगदी ८२ इंची सुद्धा, कपॅसिटिव्ह होते, सेन्सर एलसीडीला चिकटवलेला. ज्या तारांच्या जाळीला वळसा घालून सगळं सुरू झालं तीच जाळी आता पारदर्शक आणि परवडणारी होऊन परत आली, आणि हानने ती घेतली. आपल्याच पेपरातल्या तंत्राला तो चिकटून राहिला नाही हे मला त्याचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. जुलै २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेत असल्याचं टोरंटोच्या एका कार्यक्रमात जाहीर केलं, ज्या गावात मेहता आणि बक्स्टननी तीस वर्षांपूर्वी सुरुवात केली तिथेच. त्यातून सरफेस हब झाला, ५५ आणि ८४ इंची, २०१५ मध्ये दाखवला, लोकांच्या हातात यायला २०१६ उजाडलं, मोठ्याची किंमत जवळजवळ २२ हजार डॉलर. १ लाखावरून २२ हजार.

आता काका. आम्ही पेपर परत काढला, आणि ज्या ओळी पहिल्या वाचनात घाईघाईत सोडून दिल्या होत्या त्यातच उत्तर होतं. हानने अ‍ॅक्रिलिकवर एक मऊ, लवचिक थर द्यायला सांगितलं होतं, म्हणजे बोट त्या थराला दाबतं आणि तो थर अ‍ॅक्रिलिकला चिकटतो, बोट ओलं की कोरडं याचा संबंधच राहत नाही, शिवाय बोटाचं तेल काचेवर राहून खोटे ठिपके उठत नाहीत. आम्हाला ती जास्तीची सजावट वाटली होती. मग हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉन आणलं, थिनरमध्ये पातळ केलं आणि रंगाच्या रोलरने ट्रेसिंग पेपरच्या मागच्या बाजूला पसरवलं, थेट अ‍ॅक्रिलिकवर नाही कारण थिनरने अ‍ॅक्रिलिक खराब होतं. पहिले दोन कागद सुरकुतले, तिसरा जमला. दोन दिवस वाळवला, शीटच्या वर सिलिकॉनची बाजू खाली करून अंथरला आणि प्रोजेक्टरचं चित्र आता या कागदावर घेतलं.

काका पुढच्या आठवड्यात किल्ल्या घेऊन आले तेव्हा आम्ही त्यांना परत बोलावलं. त्यांनी आधी हात शर्टाला पुसला, मग एक बोट ठेवलं, मग दुसरं, मग पंजाच ठेवला. लॅपटॉपवर पाच ठिपके आले, आमच्याइतकेच पांढरे. त्यांनी स्क्रीनवरचा फोटो खिडकीपर्यंत ओढत नेला आणि परत आणला, आणि मग विचारलं, “हे रेशनवाल्याला सांगता येईल का रे?”